वरवंटा आधी निजवा

नरसिंगराव सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते कुंभकोणच्या आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत. कॉस्टिक सोड्याची बाटली ते दोन्ही हातांनी, श्वास रोखून उचलत होते. रसायनाच्या प्राध्यापकांनी इतके भ्यावे याचे आम्हा विद्यार्थ्यांना हसू येई. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असे आम्ही म्हणत असू.

सरांनी उभा जन्म कापसाच्या तंतूवर काम केले. हा तंतू म्हणजे सूक्ष्म कड्यांच्या लांबच लांब साखळ्या. त्या घट्ट बिलगून असतात तेथे सोड्याचे फारसे चालत नाही. सैल जागी मात्र उकळता सोडा शिरतो आणि साखळीचे टोक सापडले की एकेक कडी सोडवीत जातो. ब्लीचिंग पावडरीने साखळ्या आधीच तुटल्या असतील, तर मग विचारायलाच नको. "कापड पांढरें फक दिसतें, पण आंत जीव नसतो. मज त्याचेंच भय," असे सर सांगत.

माझ्या मुलीच्या बारशाला सर घरी आले होते. आमच्याकडे तमिळ शेजाऱ्यांसारखी तुळईला धोतर बांधून बाळाची झोळी करतात. माझ्या काकांचा कापड धुण्याचा कारखाना. त्यांनी जुने धोतर कडक ब्लीच करून, वर सोड्यात दोनदा उकळून आणले होते आणि हे सांगत त्याची शुभ्रता ते प्रत्येकाला कौतुकाने दाखवीत होते. ते ऐकताच सरांचा चेहरा उतरला. चारचौघांत काकांचा अपमान होईल ही धास्ती, आणि गप्प बसण्याची त्याहून मोठी.

माझी पत्नी बाळाला घेऊन झोळीकडे निघाली. सर मध्येच उठले.

"अक्का," ते माझ्या आईला म्हणाले, "रीत मोडूं नका. वरवंटा आधी निजवा, मग लेंकरूं."

गडबडीत वरवंटा राहूनच गेला होता. आईने तो कुंची घालून झोळीत ठेवला आणि एक झोका दिला. टर्र असा आवाज झाला. वरवंटा खाली आदळला, फरशी फुटली. पत्नीने बाळाला इतके आवळले की ते रडू लागले. काका मटकन खाली बसले.

"धोतरच जुनें होतें, राव," सर त्यांना म्हणाले.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. कुणी शुभ्र कापड पुढे केले की मी आधी त्याची कड ओढून पाहतो.

ती मुलगी आता शाळेत जाते. सरांच्या षष्ट्यब्दपूर्तीला हार तीच घालणार आहे. सर, शंभर वर्षे निरोगी जगा, आणि आमच्या वाट्याचे असेच भीत राहा. आम्हाला अजून नीट भिता येत नाही.