आभाळातले पांढरे ठिपके

मी रत्नागिरीकडचा. नव्वदच्या दशकात मस्कतला, कुरुममधल्या एका दुकानात चित्रांना फ्रेम बसवायचं काम करायचो. समुद्राच्या दमट हवेनं तिथे चित्रांवर बुरशीचे पांढरे ठिपके धरत. ते कापसानं टिपून, नाहीच निघाले तर ब्लेडच्या टोकानं खरवडून काढण्यात माझा हात बसला होता आणि त्याची मला घमेंडही होती.

एकदा एक गोऱ्या बाई फुटलेली काच बदलायला चित्र घेऊन आल्या. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्या पणजोबांनी काढलेला, त्यांच्या शहरातला रस्ता. रस्ता पांढरा, छपरं पांढरी, घोडागाडीच्या टपावरही पांढरा थर. बर्फ आहे एवढं मला कळलं, सिनेमात पाहिला होता. पण करड्या आभाळभर ही बुरशी! म्हटलं, काच बसवण्याआधी काढून टाकू, बाई खूश होतील. न विचारता शहाणपणा करायची माझी जुनी खोड. सगळं आभाळ चकाचक केलं.

बाई न्यायला आल्या तेव्हा मीच मिरवत म्हणालो, "मॅडम, सब साफ कर दिया."

त्या मटकन खुर्चीत बसल्या. आभाळावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा स्नो होता."

पडणारा बर्फ असा सुटा सुटा दिसतो हे मला कुठून ठाऊक असणार? आमच्याकडे वरून पडतं ते रेघांनी पडतं.

आमचे ओमानी मालक, अर्बाब, गल्ल्यामागून उठले. "खलास! कल का टिकट. यल्ला, सामान बाँधो." व्हिसा त्यांच्या हातात. गावी बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

बाईंनी डोळे पुसले. "साफ करायला मीच सांगितलं होतं," त्या इंग्रजीत अर्बाबना म्हणाल्या. "चूक माझी आहे." मग चित्र छातीशी धरून गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्यांनी तसं काहीच सांगितलं नव्हतं. माफी मागितली असती तर त्यांचं खोटं उघडं पडलं असतं, अशी मी माझी समजूत घालतो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

त्याच दुकानात मी पुढे बारा वर्षं काढली. दोन्ही मुली त्या पगारावर शिकल्या. कुणी चित्र आणलं की मी आधी विचारायचो, "ये सफेद आपका ही है ना?" गिऱ्हाइकं हसायची. उत्तर मिळेपर्यंत मी ब्लेडला हात लावत नसे.