पोपटाच्या गालावरचा काळा टाका

मुलांच्या वॉर्डासाठी उशांचे अभ्रे शिवायला लागून मला आता तीन वर्षं होत आली. हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक एक तर डोळे ओले करतात, नाहीतर फोटो मागतात. आमच्या मंगळवार पेठेतल्या एका महिला मंडळानं तर माझेच अभ्रे आजारी पोरांच्या हातात देऊन फोटो काढायचा बेत केला होता. मी म्हटलं, "पोरांस्नी सलाईन लावलंय, ती काय लग्नाला आल्यात व्हय?" तेव्हापासून त्या मंडळातल्या बायका माझ्याकडे ब्लाउज टाकत नाहीत. नाहीत तर नाहीत.

ब्लाउज शिवणं हाच माझा धंदा. पुढच्या खोलीत मशीन, दारात पाटी. माझी धाकटी जाऊ शेजारच्याच घरात राहते, ती हूक-काजं आणि हातशिलाई बघते. आम्ही दोघी तीस वर्षं एकमेकींशी भांडत एकाच खोलीत शिवत आलोय.

अभ्र्यांची सुरुवात माझ्या बहिणीच्या नातवापासून झाली. तो तापानं दवाखान्यात होता आणि दुपारचं त्याच्याजवळ बसायचं काम माझ्याकडे होतं. तिथली उशी हिरव्या रेक्झिनची, वर पांढरा अभ्रा आणि अभ्र्यावर दवाखान्याचा निळा शिक्का. पोराला घाम फुटला की शिक्का ओला व्हायचा आणि त्याच्या गालावर निळं उमटायचं. मी ओल्या फडक्यानं पुसायची, तासाभरानं परत तेच. पोरगं बरं झालं, आता शाळेत रोज मार खाऊन येतं. पण तो निळा गाल माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. म्हणून मी घरात उरलेल्या कापडाचे बारा अभ्रे शिवले आणि नेऊन दिले.

वॉर्डाच्या सिस्टर कडक. त्यांनी आधी अभ्रा उलटासुलटा करून बघितला, मग म्हणाल्या, "चालेल. पण हळद-कुंकू, अंगारा, गंडेदोरे असलं काही लावून आणायचं नाही. इथं सगळं उकळून धुतात." मी हो म्हटलं.

मग ते चालूच राहिलं. गिऱ्हाइकं उरलंसुरलं कापड आणून द्यायला लागली. बाकीचं मी बाजारातून आणायची, हत्ती, पोपट, पतंग, आगगाडी असल्या छापाचं. माझा एकच नियम होता, लेकराच्या गालाला काही टोचता कामा नये. म्हणून बटण नाही, नाडी नाही. शिलाई दोनदा, आधी सुलट बाजूनं आणि मग उलटून, म्हणजे कापडाची कड आतल्या आत बंद होते. तोंडाशी रुंद घडी, उशी तिच्यात सरकवली की झालं. जाऊ म्हणायची, "अक्का, आमदाराच्या बायकोचा ब्लाउज बी इतका निगुतीनं शिवत न्हाईसा." खरं होतं ते.

आणि एक टाका. माझी आई प्रत्येक झबल्याच्या आत काळ्या दोऱ्याचा एक बारीक टाका घालायची. गालाला तीट लावतात तशी ही कपड्याची तीट, नजर लागू नये म्हणून. माझ्या लेकीच्या झबल्यांना मीही घातला. अभ्रे शिवताना हात आपोआप तिकडे गेला. आतल्या घडीच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असा. सिस्टरांनी गंडेदोरे नको म्हटलं होतं, पण हा दोरा शिलाईतलाच आहे असं मी माझ्यापुरतं ठरवलं. मी देवधर्मातली बाई नाही. नजर वगैरे मला पटत नाही. निव्वळ हाताची सवय, असंच मी जावेला सांगायची. ते पूर्ण खरं नव्हतं. टाका घातला की मला बरं वाटायचं.

तोंड बंद ठेवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण एकदा अभ्रे द्यायला गेले असताना एका आईनं माझा हात धरला. तिचं बाळ हत्तीच्या अभ्र्यावर झोपलं होतं. ती म्हणाली, "मावशी, किती गोड दिसतंय हो, माझीच नजर लागंल." मला भरून आलं आणि मोठेपणाही वाटला. मी घडी उलटून तिला काळा टाका दाखवला. "न्हाय लागत. सोय केल्या."

पंधरा दिवसांनी गेले तर वॉर्डातल्या सगळ्या आयांना टाका माहीत होता. एक सुटून जाताना दुसरीला दाखवून जात होती. नवं पोर आलं की त्याची आई आधी घडी उलटून बघायची. मला हसू आलं. खरं तर मी खूश झाले. माझ्या हातचा टाका इतकी माणसं शोधताहेत, या गोष्टीचा मला अभिमान वाटला. सिस्टरांच्या कानावर गेलं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले.

मग नवरात्र आलं. नवरात्रात माझ्याकडे ब्लाउजांचा डोंगर असतो, जेवायला वेळ नसतो. त्यात जावेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी सुई हातात घेऊ नका म्हणून सांगितलेलं. काळा टाका हातानं घालायचा असतो आणि तिची सगळी हातशिलाईही माझ्याच अंगावर आलेली. शिवून झालेले आठ अभ्रे मशीनजवळ पडले होते. काळं रीळ समोरच्या डब्यात होतं. उठून हात पुढे केला असता तर मिळालं असतं. मी मनात म्हटलं, एका खेपेला नसला म्हणून काय होतंय, कोण बघायला बसलंय. आणि अभ्रे तसेच पिशवीत घालून देऊन आले.

त्यातले सात सिस्टरांच्या कपाटातच राहिले. आठवा पिवळा होता, हिरव्या पोपटांचा. तो राधानगरीकडच्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या खाटेवर गेला. तिचा ताप उतरत नव्हता आणि रक्तातल्या पेशी दिवसेंदिवस खाली चालल्या होत्या.

हे मला दसऱ्यानंतर गेले तेव्हा कळलं. खाट रिकामी होती. मुलीला सकाळीच आयसीयूत हलवलं होतं. तिची आई खाटेशेजारी फरशीवर बसली होती आणि मांडीवर तो पिवळा अभ्रा आतली बाजू वर करून पसरला होता. वयानं माझ्या लेकीपेक्षाही लहान असेल.

"मावशी, तुमीच शिवतासा न्हवं हे?"

मी हो म्हटलं.

"मग ह्यात काळा टाका कुठं हाय? मी सगळ्या खाटंवरचं बघितलं. त्या पलीकडच्या उशीला हाय, दाराजवळच्या बी हाय. माझ्याच पोरीच्या उशीला न्हाय."

बाकीच्या आया माझ्याकडे बघत होत्या. मला पहिल्यांदा आला तो राग. तिचा राग, माझा राग, त्या दाखवादाखवी करणाऱ्या बायकांचा राग.

"अगं बाई, दोऱ्यानं काय हुतंय?" मी म्हटलं. "डॉक्टर हाईत, औषध चालू हाय. ताप काय दोरा बघून येतोय व्हय?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं. "मग घालतासा कशाला?"

 मला लाज वाटली. आणि त्या लाजेत मी खोटं बोलले. म्हटलं, "इसरलो गं मी. घाईत इसरलो."

"मग आता घाला की," ती म्हणाली.

सुईदोरा माझ्या पिशवीत नेहमी असतो. सिस्टरांच्या समोर नको म्हणून आम्ही बाहेर जिन्यात गेलो. आयसीयूत बाहेरचं कापड नेऊ देत नाहीत, म्हणजे हा अभ्रा आता त्या मुलीच्या डोक्याखाली जाणारच नव्हता. हे तिलाही माहीत होतं. मी घडी उलटायला लागले तर तिनं थांबवलं. "आत नगं. वर घाला. दिसंल असा." तिनं एका पोपटाच्या गालावर बोट ठेवलं. मी तिथं टाका घातला. ती म्हणाली, मोठा घाला. मी त्यावरून पुन्हा पुन्हा सुई फिरवली, चांगली ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होईपर्यंत. तीस वर्षं शिवणाऱ्या बाईचे हात, पण दोनदा सुई बोटात घुसली. तिनं अभ्रा घेतला, घडी घातली आणि पोटाशी धरून आयसीयूच्या दाराशी जाऊन बसली.

चौथ्या दिवशी मुलगी गेली.

मला ते सिस्टरांकडून फोनवर कळलं. मीच फोन केला होता.  त्या दिवशी मी एकही ब्लाउज शिवला नाही. जाऊ म्हणत होती, अक्का, तुमचा काय दोष, आजारच तसा होता. आजारच तसा होता हे मलाही कळत होतं. दोऱ्यानं कुणी मरत नाही आणि दोऱ्यानं कुणी वाचत नाही. पण मी सगळ्या आयांना आशा दाखवली, आणि उठून रीळ घ्यायच्या कंटाळ्यापायी त्या एका आईच्या वाट्याला ती येऊ दिली नाही. त्या चार दिवसांत आयसीयूच्या दाराशी बसून ती कशाचा विचार करत असेल, ते मला माहीत होतं.

काही दिवसांनी ती माझ्या दारात उभी राहिली. दवाखान्यातले कागद न्यायला दिरासोबत आली होती, वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशींनी पत्ता सांगितला होता. मी आत ये म्हटलं. "आत येत न्हाय. सुतक हाय," ती म्हणाली आणि उंबऱ्याबाहेरूनच पिशवी पुढे केली. आत तो पिवळा अभ्रा होता. धुतलेला, उन्हात वाळवलेला, घडी घातलेला.

"दुसऱ्या लेकराला द्या मावशी. आता ह्यात टाका हाय."

 खरं सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाई, मी विसरले नव्हते. मी तोंड उघडलंही. पण तीच म्हणाली, "इसराय हुतंय वो घाईत. मनाला लावून घिऊ नगासा." आणि दीर गाडी चालू करून उभा होता, म्हणून गेली.

तिनं मला माफ केलं ते विसरल्याबद्दल. जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल.

जाऊ म्हणाली, "अक्का, गेलेल्या लेकराचं हातरूण-पांघरूण कोण ठेवतं का? नदीला सोडा, न्हायतर जाळा." मी तिच्यावर खेकसले. वॉर्डातले सगळे अभ्रे एकाच पाण्यात उकळतात, त्यांतला कुठला कुणाच्या डोक्याखाली होता हे कोण सांगणार? असं म्हणून मी तो मशीनच्या खणात ठेवला. पुढच्या खेपेला वॉर्डात द्यायचा होता. ती खेप गेली आणि मी तो खणातच ठेवला. 

दिवाळीला लेक पुण्याहून आली, सोबत चार वर्षांची नात. पोरगी दिवसभर माझ्या कापडांत लोळायची. एका सकाळी तिनं खण उघडला आणि पोपट बघून नाचायलाच लागली. "आज्जी, हा माझा, मी ह्याच्यावर झोपणार." मी तिच्या हातातून तो अभ्रा हिसकावून घेतला. जोरात, अगदी तिचं बोट पिरगळलं इतक्या जोरात. ती रडायला लागली. लेक स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं आई? अभ्राच आहे ना?"

हो, अभ्राच होता. दोऱ्यानं काही होत नाही हे मी ज्या तोंडानं त्या आईला रिकाम्या खाटेपाशी ऐकवलं होतं, ते तोंड माझ्या नातीच्या वेळी कुठं गेलं होतं? ती बाई आपल्या मेलेल्या लेकीचा अभ्रा दुसऱ्याच्या लेकराला देऊन गेली, आणि मी माझ्या नातीला त्याला हात लावू देत नव्हते. आणि तरी तो दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला द्यायची तयारी करत होते. मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती.

दुपारची जेवणं झाल्यावर मी स्वतःच तो अभ्रा उशीला चढवला आणि नातीला त्यावर झोपवलं. लेकीला काही सांगितलं नाही. नात लगेच झोपली. मी शेजारी बसून राहिले. पडून राहायची वेळ, पण मी जागची हलले नाही. दर थोड्या वेळानं तिच्या कपाळाला हात लावत होते. गार होतं. परत लावत होते. खिडकीतून पलीकडच्या गल्लीतल्या फटाक्यांचे आवाज येत होते आणि ती दचकली की मीच जास्त दचकत होते.

चार वाजता ती उठली. चेहरा वळवला तर गालावर ज्वारीच्या दाण्याएवढा खोलगट वळ, जिथं त्या आईनं मला टाका घालायला लावला होता, तिथला. चहा घेऊन आलेली लेक बघून हसली. "अगंबाई, आज्जीनं तीट लावली वाटतं."

मी पदरानं तो वळ पुसायला लागले. रंग असता तर गेला असता. पोरगी हात झटकत होती, "आज्जी, दुखतंय," तरी मी पुसत होते. अर्ध्या तासानं तो आपोआप गेला.

मग मी अभ्रा काढून धुतला. दिवाळी झाल्यावर बाकीच्या अभ्र्यांसोबत वॉर्डात नेऊन दिला. टाका उसवला नाही. कुठल्या खाटेवर घातला, ते मी सिस्टरांना विचारलं नाही.