दुखलं तर हात उचल

मंडळी, आज सौंसरला दाढ काढून आलो. अर्धा गाल अजून बधिर आहे, फोन करू नका, बोलता येऊन नाही राहिलं.

"काहीच दुखणार नाही" म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास नसतो. इंजेक्शन देऊन डॉक्टर म्हणाले, "तरी दुखलं तर डावा हात उचल."

त्यांच्या मदतीला असलेली मुलगी कॉलेजात माझ्याच वर्गात होती. आमचा पांढुर्णा जिल्हा झाला, तिथं दातांचे दवाखानेही झाले, तरी मी बसने सौंसर का गाठतो ते समजून घ्या. ती लगेच बोलली, "सर, याले हात उचलाले नका सांगू. त्याच्यापायीच याचं कॉलेज सुटलं."

झालं! आता मेलो तरी हात उचलणार नाही, असं ठरवलं. दाढ हलली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून ठेवली.

तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, थांबा. दुखून राहिलं त्याले. पायाची बोटं पाहा ना कशी आवळली."

डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. मग खरंच काही कळलं नाही.

तेव्हापासून एकच शंका कुरतडून राहिली. त्या दवाखान्यात दाढ काढलेल्यांनो, खरं सांगा: ती सगळ्यांच्याच पायांकडे पाहते का?