मावशींनी धुतलेली बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच. जंतूंच्या पेशी फोडायच्या आणि त्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, शुद्ध करून द्यायचं. कारखान्याच्या सांडपाण्यातलं विषारी फिनॉल तोडायची सुरुवात हे विकर करतं. त्याच्या पोटात फ्लेविन नावाचा पिवळा कण बसलेला असतो. तो निसटला की विकर पांढरं पडतं आणि काम थांबवतं.

"ताईंचा हात लागला की काळजी नाही," असं प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर चारचौघांत म्हणायचे. ताईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एका सकाळी घाईत तिनं भलतीच बाटली उचलली. आम्लाची. ते द्रावण विकर धरून ठेवणाऱ्या उभ्या नळीत वरून ओतलं, आणि बघता बघता सगळा पिवळा रंग खालच्या भांड्यात वाहून गेला. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात.

"असं कसं झालं?" सरांनी विचारलं.

"बाटलीत साबण राहिला असेल," ताईच्या तोंडून निघून गेलं.

बाटल्या धुणाऱ्या मावशी दारातच उभ्या होत्या. "मावशी, जरा लक्ष देत जा हो," सर म्हणाले. मावशींनी मान खाली घातली.

आठ दिवस ताई त्यांची नजर चुकवत राहिली. नवव्या दिवशी मोरीत गेली, तर मावशी एकच बाटली पुन्हा पुन्हा खळबळत होत्या. बोटं पाण्यानं पांढरीफटक.

"किती वेळा धुताय?"

"अकरा. आधी सातदा धुवायची. कमीच पडलं असणार."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुमचं नाही हो, माझं चुकलं. बाटली मीच चुकीची घेतली. वर खोटंही बोलले."

मावशींनी नळ बंद केला. "सरांना सांगितलंत?"

"नाही."

"मग तिकडे सांगा. माझी मान त्यांच्यापुढे खाली गेली, मोरीत नव्हे."

ताईनं सगळ्यांदेखत सांगितलं.  सर म्हणाले, "त्याच दिवशी बोलला असतात, तर वरून फ्लेविन घालून पाहिलं असतं. बहुतेक विकर पुन्हा कामाला लागलं असतं. मी टाकून दिलं ते." मग त्यांनी मावशींची माफी मागितली.

पूर्वी दुपारचा डबा दोघी एकत्र उघडायच्या. आता ताई येईपर्यंत मावशींचं जेवण झालेलं असतं.

"हल्ली भूक लवकर लागते," मावशी म्हणतात.

ताई "बरं" म्हणते आणि एकटीच बसते.