दादाच्या खांद्यावरचा हात

थोरल्या भावाच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या फ्लेक्सवरून मी पुतण्याशी भांडलो, असे आमच्या गावात सांगतात. भांडलो, हे खरे. पण ‘म्हाताऱ्याला फ्लेक्सवर स्वतःला मिरवायचे होते’ असे जे त्याचे कारण सांगितले जाते, ते धादांत खोटे आहे.

दादाचा एकट्याचा धड फोटो घरात नव्हता. होता तो पोखर्णीला नृसिंहाच्या देवळासमोर, त्याच्या नातवाच्या जावळाच्या दिवशी काढलेला, सगळ्या गोतावळ्याचा. त्यात मी दादाला लागून उभा आहे आणि माझा हात त्याच्या खांद्यावर आहे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आम्हां दोघांत अबोला होता. तो दादा जाईपर्यंत टिकला, असे भावकी म्हणते. मी म्हणतो, तो त्या दिवशी संपला. माझ्या बाजूने बोलणारा माणूस नाही. हा फोटो तेवढा आहे.

म्हणून पुतण्या परभणीला स्टँडजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात निघाला, तेव्हा मीही हट्टाने त्याच्या गाडीवर बसलो. ऑपरेटरने दादाच्या कडेकडेने रेघ फिरवून त्याला गोतावळ्यातून सुटा केला आणि निळ्या आभाळावर ठेवला. टोपीची कड कात्रीने कापल्यासारखी दिसत होती. मग त्याने ‘फेदर’ वाढवले, म्हणजे कापलेली कड मऊ करून मागच्या रंगात विरवली. टोपी छान बसली. खांदाही बसला. खांद्यावरची माझी चार बोटे मात्र धुरासारखी नाहीशी झाली.

बोटे कुठे गेली, असे मी विचारले.

“काका, परक्या माणसाचा हात राहिला तर बरं दिसत न्हाई,” ऑपरेटर म्हणाला.

परका माणूस म्हणजे मी. त्यावर मी त्याला जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. मला गप्प करायला पुतण्या म्हणाला, की फोटोवाल्याने जवळ व्हायला सांगितले म्हणूनच मी हात ठेवला होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. साफ चूक. फोटोवाल्याने जवळ व्हायला सांगितले. हात ठेवायला सांगितले नाही. जवळ तर सगळेच झाले होते. त्या फोटोत दुसऱ्या कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर असेल, तर दाखवावा.

ऑपरेटरने बोटे परत आणली. आता हात मनगटापाशी तोडल्यासारखा दिसू लागला. मीच सांगितले, टोपी आणि खांदा आहे तसा ठेव, फक्त मनगट हळूहळू विरव. त्याने कुरकुरत तेही केले. तरी पुतण्या ऐकेना. शेवटी त्याने ते चित्र मोबाइलवर आपल्या आईला पाठवले आणि फोन लावून सर्वांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

अबोल्याच्या काळात वहिनीने माझ्या घरचे पाणीही घेतले नव्हते. माझे पाय दुकानात ठरेनात. दारापर्यंत जाऊन मी परत आलो.

“हात राहू दे,” वहिनी म्हणाली. “तुझ्या बापाला कुणी अंगाला हात लावलेला खपत नव्हता. त्यांनी तो झटकला न्हाई. मी तिथंच व्हते.”

फ्लेक्स हातासकट लागला. अबोला शेवटपर्यंत होता, असे आता कुणी म्हणत नाही. आता म्हणतात, दादाने मोठ्या मनाने तो मोडला. हेही मला मान्य नाही. हात आधी मी ठेवला, मग त्याने तो राहू दिला. वहिनीने दोन्ही पाहिले आहे. ते तिने चारचौघांत सांगावे, म्हणून मी तिच्या ओट्यावर दोनदा जाऊन आलो.

“भाऊजी, आता तरी भांडू नका,” ती म्हणते, आणि चहा ठेवायला आत जाते.

मी चहा घेतो. पण उद्या पुन्हा जाणार आहे.