उपाशीपोटी घेतलेलं रक्त

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्ध्यातल्या एका संशोधन प्रकल्पात मी खेड्यापाड्यांतून रक्ताचे नमुने गोळा करत होते. मधुमेह गावांत किती पोहोचलाय, वजनाशी त्याचं काय नातं आहे, हे आम्हाला शोधायचं होतं. तोवर साखर म्हणजे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार, असंच लोक धरून चालत.

बोरगाव मेघेतल्या घरून मी पहाटे निघायची आणि पवनारच्या पलीकडच्या एका गावात उजाडता उजाडता पोहोचायची, कारण लोक शेतावर जायच्या आधी, उपाशीपोटी रक्त घ्यायचं असे. फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता, सकाळपासून काही खाल्लं का? सगळे नाही म्हणत. मग मी रक्त काढायची, कमरेला टेप लावायची, वजन घ्यायची आणि नळ्या बर्फाच्या डब्यात घालून वर्ध्याला परतायची.

तीन आठवडे असे गेले. एकदा किराणा दुकान चालवणाऱ्या एका काकूंचं रक्त घेतलं आणि त्यांनी लगेच चहा मांडला. हा आपला दुसरा, पहिला उठल्या उठल्याच झाला, असं त्या सहज बोलून गेल्या. मी चमकले. काही खाल्लं नाही म्हणालात ना, असं विचारलं.

"च्या का खाणं असते, बाई? च्या तं पेतात."

त्यांचं बरोबर होतं. चूक आमच्या प्रश्नाची होती. मी तशीच आधीच्या घरांमधून फिरले. बहुतेकांनी गोड चहा घेतला होता, एका आजोबांनी तर वर तंबाखू-सुपारीचा खर्राही खाल्ला होता. म्हणजे तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली होती.

प्रकल्पाच्या डॉक्टर मॅडमना मी हे सगळं सांगितलं. एक सहकारी म्हणाला, एवढ्याशा चहानं काय फरक पडतो, कोणाला कळणार आहे. मी म्हणाले, "सगळ्यांचं रक्त परत घेते."

प्रश्न बदलला. पाण्याशिवाय तोंडात काय काय गेलं, असं मी एकेक नाव घेऊन विचारू लागले. काहींनी दारातूनच परतवलं. त्यांच्याकडे मी पुन्हा गेले, नि पुन्हा. काकूही चिडल्या होत्या. एकदा रक्त नेलं, आता काऊन, म्हणाल्या. आमचा प्रश्नच चुकला होता, हे मी लपवलं नाही. त्यांनी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारले.

"चूक तुमची, अन् सुई मले," त्या म्हणाल्या. "उद्या येजो. काहीच घेत नाई."

दुसऱ्या तपासणीत अनेकांचे आकडे खाली आले. काकूंचा आला नाही. वर्षभर त्या थकवा वयावर ढकलत होत्या. रिपोर्ट त्यांना पटेना, तेव्हा मीच त्यांना एसटीनं दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या.

दोन वर्षांनी आम्ही त्याच गावात पुन्हा गेलो. काकूंची साखर आटोक्यात होती. त्यांच्या नवऱ्याचं, काकांचं, नाव आमच्या यादीत कधीच नव्हतं, पण काकूंनी त्यांना स्वतःच दवाखान्यात नेऊन तपासून आणलं होतं.