दुसऱ्याच्या मापाचं घर

आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला. वडील आचारी. दुसऱ्यांच्या पंक्तींसाठी चुलीपुढे बसण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गावी पत्र आलं की ते वाचून घ्यायला त्यांना कुणाच्या तरी ओसरीवर ताटकळत बसावं लागे. म्हणून त्यांनी मला पुण्याला शास्त्रीबुवांच्या पाठशाळेत आणून सोडलं. बाकीच्यांपेक्षा मी उशिरा शिकलो, आणि अजूनही चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ अडखळते. ही हकीकत तोंडी सांगणं मला जमलेलं नाही. लिहून जमतं का ते पाहतो.

गेल्या वर्षी माघात माझी बायको पहिल्यांदा नांदायला यायची होती. तोवर मी पाठशाळेच्या पडवीत निजत असे. म्हणून त्याआधीच्या भाद्रपदात कसब्यात दोन खोल्या घेतल्या. घर बुटकं, साधं. पुढच्या सोप्यात मालकीण एकट्या राहत आणि मागच्या दोन खोल्या मला. मालकीण पस्तिशीच्या असतील. मी त्यांना काकू म्हणत असे. त्यांचे यजमान पानपताच्या मोहिमेवर गेले ते परतले नाहीत आणि मेल्याची बातमीही आली नाही. अशी घरं पुण्यात पुष्कळ आहेत, त्यामुळे ऐकून मला विशेष काही वाटलं नाही. काकू कुंकू लावत, हातभर हिरव्या बांगड्या घालत, आणि फार कमी बोलत.

खोल्या रिकाम्या होत्या, पण कोऱ्या नव्हत्या. मोरीच्या दगडावर एक गोल घासलेली खूण होती. तुळईला एक लोखंडी कडी होती आणि तिच्या वरचं लाकूड काळं पडलेलं. भिंतीत एक कोनाडा होता, नेहमीच्या कोनाड्यांपेक्षा रुंद आणि उथळ. मी भिंतींना चुना दिला, खाली गेरूचा पट्टा ओढला, जमीन सारवून घेतली. तरी त्या खुणा दिसतच राहिल्या. मला वाटलं, या खुणा झाकतील अशाच वस्तू आणाव्यात. म्हणून मी सुताची एक दोरी घेतली, मोरीतल्या खुणेचं, कडीच्या उंचीचं, कोनाड्याचं माप घेऊन तिला गाठी मारल्या, आणि ती कमरेला खोचून बाजारात गेलो.

शास्त्रीबुवांच्या घरातून सल्ला मिळाला होता की नवं भांडं घेण्यापेक्षा जुनं घ्यावं, जुन्यात धातू जास्त असतो. नदीकाठी आठवड्याच्या बाजारात एक म्हातारे कलईवाले बसत. सगळे त्यांना चाचा म्हणत. लोकांची जुनी भांडीकुंडी घ्यायची, ठोकून, घासून, कलई करून विकायची, हा त्यांचा धंदा. त्यांच्या ढिगात मला तांब्याचं एक घंगाळ दिसलं. दोन्ही बाजूंना कड्या, आणि एका अंगाला अंगठ्याएवढा पोचा. मी दोरी लावली. बुडाचं माप बरोबर गाठीशी जुळलं.

"माप घेऊन भांडं घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहतोय," चाचा म्हणाले. "भांड्याची सोयरीक जमवताय की काय, पंडित?"

मी लाजून हसलो आणि घंगाळ डोक्यावर घेऊन आलो. मोरीत ठेवलं तर ते त्या खुणेवर असं बसलं की हलवून पाहिलं तरी हलेना.

पुढच्या बाजाराला पितळेचा लामणदिवा मिळाला. साखळी कडीला अडकवली, तर दिवा बरोबर माझ्या हाताच्या उंचीवर आला. त्यानंतर फणी-कुंकू ठेवायची एक फणेरपेटी. शिसवीची, झाकणावर कोरलेली वेल, आत आरशाची जागा रिकामी. ती बायकोसाठी घेतली. कोनाड्यात सरकवली, तर कडेला बोटही शिरेना. पहिल्यांदा मला आनंद झाला. दुसऱ्यांदाही झाला. तिसऱ्यांदा मात्र मी तिथेच उभा राहिलो. ऐन दुपारची वेळ होती, बाहेर रस्त्यावर माणसं बोलत होती, आणि तरी मला असं वाटलं की खोलीने वस्तू ठेवून घेतली आणि आता तिला माझी गरज नाही. हे मी कसं सांगू ते मला कळत नाही. ढिगात शेकडो वस्तू होत्या. माझा हात याच तिन्हींवर का गेला?

मनाचं समाधान करायला मी घंगाळ पालथं घातलं. काठाखाली टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं. मला वाचता येतं याचा मला तेव्हा अभिमान होता. मी ते नाव मोठ्याने वाचलं.

पुढच्या सोप्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. काकू दारात आल्या. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला होता, वडीलधारं माणूस समोर आल्यावर घेतात तसा. खाली वाकून त्यांनी घंगाळाच्या त्या पोच्यावर अंगठा ठेवला.

"हे कुठं सापडलं?" त्यांनी विचारलं.

"बाजारात. का?"

त्यांनी काठाखालच्या टिंबांवर बोट टेकवलं. मग ते कपाळाच्या कुंकवाकडे नेलं, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. दोन महिने मी त्या घरात राहत होतो, आणि यजमानांचं नाव काय हे मला माहीत नव्हतं, कारण ते घेणारं त्या घरात कुणी नव्हतं. बारा वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि ते मी उच्चारलं. इथे मी ते लिहीत नाही.

काकूंनी दिव्याकडे पाहिलं, कोनाड्याकडे पाहिलं. "सगळं जागच्या जागी आलं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचे दीर आले. ते शनिवारात वेगळे राहत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो पंडित, पुण्यात काय भांड्यांचा दुष्काळ पडलाय? मी चार वर्षं एकेक करून जे बाहेर काढलं, ते तुम्ही तीन बाजारांत परत आणलंत. शाबास!"

मग त्यांनी सरळ सांगितलं. वस्तू त्यांनीच विकल्या होत्या, वहिनींना न विचारता. त्या रोज घंगाळात पाणी काढून ठेवत, दिव्यात तेल घालत, ते त्यांना बघवत नव्हतं. म्हणजे माझ्या दोरीचं कोडं सुटलं. खुणा त्या वस्तूंच्याच होत्या, मी खुणांचं माप घेतलं आणि मला वस्तू सापडल्या. यात अद्भुत काही नव्हतं. मी हे स्वतःला पुष्कळदा समजावलं.

"पौषात बारा वर्षं पुरी होतात," दीर म्हणाले. "तुम्ही धर्मशास्त्र शिकता. मी सांगायला नको."

नको होतं. परदेशी गेलेल्या माणसाची बारा वर्षं काही वार्ता नसेल, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून, त्याला अग्नी देतात. मग तो माणूस मेला असं धरतात. मी हे पाठ केलं होतं. त्याच्या पुढचं कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. पुतळा जळला की त्या दिवशी काकूंचं कुंकू पुसणार, बांगड्या फुटणार, केस जाणार, आणि त्यांना अंधाऱ्या कोपऱ्यात बसावं लागणार. दिरांना ते हवं होतं असं मी म्हणत नाही. भावाला गती मिळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

दिवस ठरला. विधी सांगायला म्हणून आमचे शास्त्रीबुवाच येणार होते.

त्याच्या आदल्या बाजाराला मी जाणार नव्हतो. मला आता काहीच विकत घ्यायचं नव्हतं, आणि दोरी मी टाकून दिली होती. पण मी गेलो. चाचांनी मला लांबूनच हात केला.

"तुमचं एक ठेवून दिलंय," ते म्हणाले, आणि पोत्याखालून एक फिरकीचा तांब्या काढला. प्रवासाला नेतात तो, फिरवून बसवायच्या झाकणाचा. काठाखाली तीच टिंबं, तेच नाव.

"हा कुणी दिला?"

"एक गोसावी. उत्तरेकडून आला होता. पैसे मागितले नाहीत. म्हणाला, ज्याचा आहे त्याला पोचेल. मी म्हटलं, ह्या नावाचं सगळं पंडितच नेतात."

"त्या माणसाबद्दल काही बोलला? ज्याचा तांब्या त्याच्याबद्दल?"

"नाही बुवा. पाणी प्यायला आणि गेला."

मी तांब्या धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला. काकूंना द्यावा की नाही हे मला ठरवता येईना. शेवटी दिला, आणि गोसाव्याचंही सांगितलं. त्यांनी झाकण फिरवलं. ते इतकं घट्ट होतं की मला सुटलं नव्हतं, त्यांना एका वळशात सुटलं. आत वास घेतला. "वेशीपाशी हा मी हातात दिला होता," त्या म्हणाल्या. "घट्ट लावू नका म्हटलं होतं. ऐकायचं नाहीच कधी."

हे त्या रागाने म्हणाल्या. काल-परवाच्या गोष्टीवर रागावतात तसं.

ठरल्या दिवशी सकाळी सोप्यात सगळे जमले. एका पाटावर पळसाची पानं रचून ठेवलेली, शेजारी नारळ. दीर, शास्त्रीबुवा, आणि आतल्या दाराशी काकू. मला कोपऱ्यात उभं केलं होतं. काकूंनी तांब्या आणून मध्ये ठेवला.

"ही वार्ता. उत्तरेकडून गोसाव्याने आणली," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तांब्याला तोंड असतं, जीभ नसते," दीर म्हणाले. "रणात पडलेल्यांच्या वस्तू कुणीही उचलतं."

शास्त्रीबुवांनी तांब्या हातात घेऊन नाव वाचलं. मग माझ्याकडे वळले. "वस्तू ही वार्ता नव्हे. पण आणणारा काही बोलला असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही आणलात ना हा? नीट आठवून सांगा. गोसाव्याने माणूस पाहिला होता?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. शास्त्रीबुवांनी आजवर मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. माझे वडील तिथे असते तर कुणी त्यांना काही विचारलं नसतं. मला विचारलं, कारण मी शिकलेला होतो. मी काकूंकडे पाहिलं नाही. पाटावरच्या पानांकडे पाहिलं. ती पानं कुणीतरी फार काळजीने, माणसाच्या आकाराची रचली होती, खांद्यांपाशी रुंद.

"हो," मी म्हणालो. "पाहिला होता, म्हणाला."

जीभ अजिबात अडखळली नाही.

शास्त्रीबुवांनी क्षणभर डोळे मिटले. "मग आजपासून पुन्हा बारा वर्षं," ते म्हणाले, आणि उठले. दिरांनी पानं स्वतःच्या हातांनी उचलली, नारळ तसाच ठेवून गेले.

दोन दिवसांनी मी चाचांकडे गेलो. कबुली कुणापुढे तरी द्यायची होती, आणि खरं काय ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. "चाचा," मी म्हटलं, "तो गोसावी नक्की काय म्हणाला होता?"

चाचा भट्टीवरून मान वर न करता म्हणाले, "सांगितलं नव्हतं का? माणूस पाहिला म्हणाला. दाढी वाढलीय, उजवा पाय जरा ओढतो."

मी भट्टीपुढे खाली बसलो. "तुम्ही म्हणाला होतात, तो काहीच बोलला नाही."

"मी? असं कसं म्हणेन? सगळ्या कसब्याला ठाऊक आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत लबाडी नव्हती. माझी एका शब्दाची वार्ता दोन दिवसांत बाजारभर फिरून, दाढी आणि पाय घेऊन, त्यांच्यापर्यंत परत आली होती, असंच असणार. दुसरं काय असणार? पण परतताना मला खात्री राहिली नाही की खोटं मी बोललो होतो की त्यांनी पहिल्यांदा मला अर्धंच सांगितलं होतं.

पौष संपता संपता काकू मागच्या खोलीत आल्या. गेरूचा पट्टा, दिवा, कोनाडा, सगळं त्यांनी सावकाश पाहिलं. "छान लावलंस घर," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून झालं नसतं. आता तू दुसरीकडे बघ बाळा. ते आले की त्यांना खोल्या लागतील."

"ते येणार नाहीत" हे म्हणायचा हक्क मीच घालवला होता. वस्तूंचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही. सदाशिव पेठेत एक खोली मिळाली. अजून तिच्या भिंती उघड्या आहेत. बायको आली तेव्हा म्हणाली, "इथं काहीच कसं नाही?" मी म्हटलं, जमवू हळूहळू. ती रोज विचारते, बाजाराला कधी जायचं. मी पाठाचं निमित्त सांगतो.

निघायच्या दिवशी काकूंनी मला थांबवलं होतं. "एक काम राहिलं. त्यांच्यासाठी पुणेरी जोडा आण. मापाला," त्यांनी वीत आणि वर दोन बोटं धरून दाखवली, "एवढा. पण जरा सैलच बघ. इतकं चालून पाय पसरले असतील."

मी आणला. उंबऱ्याबाहेर ठेवायला वाकलो, तर त्या आतून म्हणाल्या, "टाचा रस्त्याकडे कर. बाहेर जाणाऱ्याचा नको, घरात आलेल्याचा दिसू दे."

तसा ठेवला. तेव्हापासून कसब्यातून जाताना मी त्या दारापाशी आवाज खाली करतो. शेजारचेही करतात, असं मला दिसलं. कुणी कुणाला तसं सांगितलेलं नाही.